दीड मात्रेची उडी

आमच्या घरात एकच रेकॉर्ड होती आणि तिच्यावर चरा होता. हे आधीच सांगते, कारण चरा नसता तर हे प्रकरण लिहायचं काही कारण नव्हतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. गाण्याबजावण्याचं तर तेवढंही नाही. तरी गिटारच्या बाबतीत माझ्या कानाला कोणी फसवू शकत नाही, हे मी या वयातही सांगते. माझ्या सुनेला ते खोटं वाटतं. वाटू दे.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पिंपरी गावातले सुतार. घर नदीच्या बाजूला. पुढे पडवीत त्यांचा कामाचा बाक, मागे चूल, मध्ये एक खोली आणि त्या खोलीत आम्ही सगळे. आधी त्यांच्याकडे नांगर, कुळव, बैलगाडीची चाकं यायची. मग फाळणी झाली, पलीकडे निर्वासितांचा कॅम्प वसला, सिंधी लोक आले आणि त्यांना एकदम सगळंच पाहिजे झालं: दारं, फडताळं, दुकानाच्या फळ्या, पाळणे. पाठोपाठ औषधाच्या कारखान्याचं बांधकाम निघालं. लाकूड मिळेनासं झालं. तेव्हा आबा देहूरोडला मिलिटरीच्या लिलावात जायचे आणि जुन्या खोक्यांचं लाकूड ढिगाने उचलून आणायचे. परदेशी, पांढरं, गोडसर वासाचं लाकूड. सकाळी रंधा सुरू झाला की तो वास घरभर पसरायचा आणि भुसा आईच्या पिठात जायचा. आई रोज म्हणायची, "जेवताना चार घास लाकूडच खातोय आपण." आबा म्हणायचे, "मग दात बळकट व्हतील."

अशाच एका ढिगात झाकण तुटलेला ग्रामोफोन निघाला. सोबत चार रेकॉर्डी. तीन फुटलेल्या होत्या, चौथी अख्खी, कडेला केसासारखी चीर आणि मध्ये कुठेतरी तो चरा. तिच्यावर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं, ते आमच्यात कोणालाच वाचता येत नव्हतं. आबांनी झाकण बसवलं, किल्ली सरळ केली, पण सुया नव्हत्या. कॅम्पातल्या दुकानात मिळत होत्या, पण आबांना ती चैन वाटली. त्यांनी बाभळीचा काटा घेतला, चाकूने तिरका छाटला आणि सुईच्या जागी घातला. वाजला! आवाज थोडा दबका, पण काय सुंदर. फक्त काट्याचं टोक एका बाजूला झिजून जायचं. पुन्हा लावायचं तर पुन्हा छाटायला पाहिजे, आणि आबांच्या हातात वेळ कुठला. म्हणून ठरून गेलं: दिवसाला एक काटा. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी खिळ्याने रेघोट्या मारलेल्या होत्या, तेव्हा ती बाजू बाद. दुपारी जेवणं झाल्यावर, आई जरा पाठ टेकायची तेव्हा, एकच बाजू एकदाच.

त्यात गाणारं कोणी नव्हतं. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "यात बाईबी न्हाई, बुवाबी न्हाई. मग गातंय कोण?" आबा म्हणाले, "तारा." चार वाद्यं होती. नावं मला पुढे कळली. एक पियानो, एक माणसाएवढं उंच तारेचं वाद्य, ते पोटातून हुं हुं करत चालायचं. एक जण पत्र्यावर झाडू फिरवल्यासारखा ठेका धरायचा, आणि पुढे गिटार. आधी गिटार एक चाल सांगायची. छोटी, साधी चाल, भजनातल्या धृपदासारखी. ती दोनदा सांगून झाली की गिटार ती चाल सोडून द्यायची आणि भलतीकडेच निघायची. वर चढायची, मध्येच एका सुरावर अडून बसायची, परत घसरत खाली यायची. बाकीचे तिघं मागे आपले चालत राहायचे, जसं काही झालंच नाही. मग बऱ्याच वेळाने गिटार घरी परतायची, धृपद एकदा म्हणायची, आणि खर्र, संपलं. त्या मधल्या भागात एका ठिकाणी ती चढता चढता अचानक उडी मारून पलीकडे पडायची. मला तीच जागा सगळ्यात आवडायची. अंगावर काटा यायचा.

शाळा सुटलेली होती. धाकटा भाऊ झाला आणि आईला हाताखाली कोणीतरी पाहिजे होतं, म्हणून चौथीनंतर मी घरीच. शाळेत आम्हाला पाठांतर सोडून दुसरं काही शिकवलं नव्हतं. पाढे पाठ, कविता पाठ, नद्या पाठ. मी त्याच रीतीने ती रेकॉर्ड पाठ केली. दिवसाला एकदा ऐकायची, आणि मग तांदूळ निवडताना, भांडी घासताना तोंडाने म्हणायची. शब्द नव्हते म्हणून मी माझेच ठेवले होते. डिंग डिडी डूं, असं काहीतरी. वर्षभरात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी तोंडपाठ झाली. मधल्या भागातला एक सूर मागेपुढे झाला तरी मी थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आई म्हणायची, "बाकी काय येड लागलं न्हाई, हेच लागलं."

मिंगेल आमच्या पडवीत आला तो गिटारची घोडी मोडली म्हणून. घोडी म्हणजे तारांच्या खाली आडवा बसवलेला लाकडाचा तुकडा, ज्याच्यावर तारा टेकतात. गोव्याचा माणूस, तिशीचा असेल, कारखान्याच्या बांधकामावर स्टोअरकीपर होता आणि गावातच एका खोलीत राहायचा. मुंबईत हॉटेलात वाजवायचा, पण दारूबंदी झाली, हॉटेलं ओस पडली आणि बँडवाले चारी दिशांना पांगले. हा आमच्याकडे सिमेंटच्या गोण्या मोजायला आला. आबांनी गिटार हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली. पुढची फळी मधून फुगीर होती. आबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"वाकवलेली न्हाई," ते म्हणाले. "अख्ख्या फळीतून कोरून काढलीय. कोणी केली?"

"मला काय ठाऊक? मी घेतली ती सेकंडहँड."

"ज्यानं केली त्यो माणूस हाय," आबा म्हणाले. आबांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही.

मी आतल्या उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होते आणि माझं नेहमीचं चाललं होतं. मी त्या मधल्या भागात पोचले, चढले, उडी मारली. मिंगेल एकदम वळला.

"काय गो ते? काय म्हणत होतीस?"

मी सुपात मान घातली. आबा म्हणाले, "तिचं असंच असतंय. रेकॉर्ड हाय आमच्याकडं."

"ही रेकॉर्ड?" तो म्हणाला. "ही तुमच्याकडे? सायबा!" आणि मग माझ्याकडे बघून, "पण ती उडी कुठून आणलीस? ती त्यात नाही."

मला राग आला. मी वर्षभर पाठ केलेलं, आणि हा गोण्या मोजणारा मला सांगतो त्यात नाही! मी म्हटलं, "हाय. तुमीच नीट ऐकलं नसंल." आबांनी त्या दिवशीचा काटा छाटला आणि रेकॉर्ड लावली. उडी आली. मिंगेल हसायला लागला. इतका हसला की त्याने बाक धरला. त्याने ती रेकॉर्ड मुंबईत शंभर वेळा ऐकलेली होती, धड, चरा नसलेली. काटा त्या जागी आला की चऱ्याला अडखळून पुढच्या रेघेत पडायचा आणि मधलं तेवढं वगळलं जायचं. आम्ही सगळ्यांनी ते गाणंच समजून घेतलं होतं. मी तर पाठच केलं होतं.

हे मला कमी लागलं. जास्त लागलं ते त्याच्या पुढे. मी विचारलं, "मग ती जागा तुमी कशी म्हणता? चरा न्हाई तशी?" तो म्हणाला, "मी कशाला म्हणू? धृपद ठरलेलं असतं. मधलं कोणी लिहून ठेवत नाही. तो त्या दिवशी त्या खोलीत बसला आणि जे मनात आलं ते वाजवलं. दुसऱ्या दिवशी विचारलं असतं तर दुसरं वाजवलं असतं." म्हणजे मी जे एक वर्ष, दिवसाला एक काटा, असं घोकलं, ते त्या माणसाने एकदाच केलं होतं आणि सोडून दिलं होतं. त्याला स्वतःला ते पुन्हा आलं नसतं. मला येत होतं. या गोष्टीवर मी नंतर सत्तर वर्षं अधूनमधून विचार करते आहे आणि अजून ती पुरती पचलेली नाही.

आबांना मात्र लगेच समजलं. ते म्हणाले, "दाराची चौकट मापात. वरचं कोरीव ज्याचं त्याचं. त्याला कोण माप देतंय?" आणि ते घोडीसाठी शिसवीचा तुकडा शोधायला लागले.

पुढच्या रविवारी घोडी तयार झाली. मिंगेलने तारा चढवल्या, गिटारचे कान पिळून सूर लावले आणि वाजवायला बसला. तेच धृपद. मग मधलं. आबांचा रंधा चालू होता, मी लसूण सोलत होते. माणूस वाजवायला फार चांगला होता, त्यात शंका नको. बोटं अशी फिरायची की कोणती कुठे गेली ते दिसायचं नाही. पण थोडं ऐकलं आणि मी म्हटलं, "हे आमच्या रेकॉर्डमधलं हाय." तो पुढे गेला. मी म्हटलं, "हेबी. उलट केलंय, पण तेच हाय." तो थांबला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

मग त्याने जे होतं ते सांगितलं. मुंबईत लोबो म्हणून एक पियानो वाजवणारा होता, त्याचा जुना ओळखीचा. लोबो चार जणांची एक रेकॉर्ड काढणार होता. त्यात गिटारला मध्ये एकट्याने वाजवायची जागा होती. मिंगेल तिथे वाजवून दाखवायला गेला आणि लोबो म्हणाला, "मिंगेल, ही रेकॉर्ड माझ्या घरी आहे. ती ऐकायची असली तर मी घरी ऐकीन. तू स्वतःचं काही आणलंस तर ये. दिवाळीनंतर वाजवायचं आहे. नाही आणलंस तर पुण्यात दुसरा पोरगा आहे." हे सांगताना मिंगेल घोडीकडे बघत होता. "दुसरी संधी येत नाही गो," तो म्हणाला. "इथेच म्हातारा होणार मी. गोण्या मोजत."

मी लसूण सोलत राहिले. मला त्याची दया आली असं नाही. पण माझ्या लक्षात आलं की तो आणि मी एकाच शाळेतले. त्यानेही पाठच केलं होतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुझी ती उडी. ती परत म्हण."

मी म्हटली. त्याने पायाने ठेका धरला. मी उडी मारली की त्याचा पाय चुकायचा. तीनदा झालं. तो ओरडला, "दीड मात्रा कुठे गेली? इथे दीड मात्रा होती, ती कुठे गेली?"

"मी न्हाई खाल्ली," मी म्हटलं.

आत आई हसली. आबाही हसले, पण रंधा थांबला नाही.

ते दिवस मला आवडतात. आवडतात म्हणजे आठवले की बरं वाटतं, उगाच डोळ्यांत पाणी बिणी नाही. प्रत्येक रविवारी दुपारी मिंगेल यायचा. कधी कॅम्पातून गरम पाव आणायचा. आई त्याला भाकरी, लसणाची चटणी, हुलग्याचं माडगं द्यायची. तो माडगं नाक मुरडत प्यायचा आणि वाटी पुसून पुन्हा मागायचा. शेजारची चुलती एकदा कुंपणावरून म्हणाली, "पोरगी न्हातीधुती व्हायला आली, आन्‌ किरिस्तावापुढं गाणी म्हणतीया?" आई म्हणाली, "बाप समोर हाय, मी चुलीपाशी हाय, आन्‌ पोरगी तांदूळ निवडतीया. तुमाला यायचं तर तुमीबी या, शेंगा फोडायच्या हायत." चुलती आली नाही. शेंगा मलाच फोडाव्या लागल्या.

अडचण सोपी होती आणि सुटत नव्हती. चऱ्याची उडी आमच्या मशीनवर चालून जायची, कारण उडी मारली की चारही वाद्यं एकदमच पुढे पडायची. पण खरोखरीच्या चार माणसांत एकाने उडी मारली तर बाकीचे तिघं थोडेच मारणार. ते ठेका धरून सरळच चालणार. तेव्हा मिंगेलला उडी मारून, हवेत राहून, परत त्यांच्याच पावलावर उतरायचं होतं. ठेका धरायला आमच्याकडे होतं कोण? आबांचा रंधा. खर्र, खर्र, खर्र, आबांचा हात घड्याळासारखा चालायचा. मिंगेल म्हणाला, "आबा, जरा मी सांगतो तेव्हा थांबा, मी उडी मारतो, मग..." आबा म्हणाले, "मी थांबनार न्हाई. माझं काम हाय. तुला यायचं तर तू ये."

तेव्हा तो आबांच्या रंध्यावर वाजवायला लागला. उडी मारायचा आणि भलत्याच ठिकाणी पडायचा. कधी आधी, कधी नंतर. मी म्हणायची, "पडला." पुन्हा. "पडला." चौथ्या की पाचव्या रविवारी तो चढला, अचानक तुटला, सगळ्यांना वाटलं आता गेला, आणि रंध्याच्या बरोबर पुढच्या खर्रवर येऊन उतरला. आत भाकरी थापायचा आवाज थांबला. आई कधी थांबायची नाही, तवा तापलेला असताना तर नाहीच. आबांनी वर बघितलं नाही, पण त्यांच्या मिशा हलल्या.

मिंगेल एवढा खूश झाला की त्याने आबांच्या कानावरची पेन्सिल काढली आणि तिथेच एका फळीवर सगळं लिहून ठेवलं. आडव्या रेघा, ठिपके, खुणा. म्हणाला, "हे मिळालं. आता हे सोडायचं नाही. हेच घेऊन जातो लोबोकडे." पुढच्या रविवारी तो आला आणि फळी शोधायला लागला. ती फळी कॅम्पातल्या एका दुकानाच्या दाराची होती. आबांनी मंगळवारी तिच्यावर रंधा मारला होता, बुधवारी ती दारात बसली होती, आणि मिंगेलच्या खुणा भुशाबरोबर चुलीत गेल्या होत्या.

"आबा! काय केलंत हे!"

"काय केलं? गिऱ्हाइकाची फळी हाय. त्याला खडबडीत देऊ?"

मिंगेल डोकं धरून बसला. मग त्याने आठवून आठवून वाजवायचा प्रयत्न केला. अर्धं आलं, अर्धं नाही. मी म्हटलं, "तसं न्हवतं. आधी खाली गेलता, मग..." आणि मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "पण तेच कशाला पायजे? पुन्हा पाठ करनार काय?"

हे मी फार शहाणपणाने बोलले असं कोणी समजू नये. मला कंटाळा आला होता, एवढंच. पण मिंगेलने गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला. मग आबांना म्हणाला, "चालू द्या." आबांचं चालूच होतं. त्या दुपारी त्याने ती उडी कुठूनही मारली. चढताना मारली, उतरताना मारली, एकदा धृपदाच्या ऐन तोंडाशी मारली. बऱ्याच वेळा पडला. पण एकदाही आधीचं वाजवलं नाही. मी प्रत्येक वेळी कान टवकारून बसले होते, हे मागच्या रविवारचं, हे रेकॉर्डमधलं, असं म्हणायला, आणि मला एकदाही तोंड उघडता आलं नाही. माणूस एखादी गोष्ट येत नसताना ती करायला लागतो तेव्हा कसा दिसतो, हे मी त्या दिवशी बघितलं. घाम, दात दाबलेले, आणि डोळे एकदम लहान पोरासारखे. त्यानंतर मी मोठमोठी माणसं बघितली, कारखान्याचे साहेब बघितले, मंत्री बघितले. तसा कोणी दिसला नाही.

दिवाळी झाली. मिंगेल नवा शर्ट घालून मुंबईला गेला आणि चार दिवसांनी आला. आम्ही विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं." "उडी मारली?" तो म्हणाला, "रेकॉर्ड आली की कळेल. मला काही आठवत नाही." मला तेव्हा वाटलं खोटं बोलतो. आता वाटतं, खरंच आठवत नसेल.

मध्ये बरेच महिने गेले. माझं लग्न ठरलं, चाकणजवळच्या गावात, शेतकऱ्यांना गाडीची चाकं करून देणाऱ्या सुताराच्या घरी. नवरा चांगला होता, त्याच्याबद्दल दुसरीकडे लिहिलं आहे. हळद लागायला आठ दिवस होते. पडवीत मांडवाचे वासे पडलेले, आई पापड वाळत घालत होती, आणि मिंगेल आला. पंच्यात गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरून, तान्हं पोर आणावं तशी रेकॉर्ड घेऊन. काळीभोर, एकही रेघ नाही, तोंड दिसेल अशी चकचकीत. आबांनी हात धुतले, धोतराला पुसले, मग रेकॉर्ड घेतली. बाभळीचा काटा घेतला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून छाटला. आई पिठाच्या हातांनी आतल्या दारात येऊन उभी राहिली. मिंगेल खाली मान घालून बाकाच्या पायाशी बसला. वाजवायला बसताना कधी इतका घाबरलेला नव्हता.

धृपद आलं. ते नवं होतं, लोबोचं असेल. छान होतं, पण मी धृपदाची वाट बघत नव्हते. पियानोने थोडं एकट्याने वाजवलं. मग तो बाजूला झाला आणि गिटार निघाली. पहिल्या दोन पावलांतच मला कळलं की हे मी कुठेच ऐकलेलं नाही. आमच्या रेकॉर्डमधलं नाही, पडवीतलंही नाही. ती हळूहळू चढली, मध्ये एका सुरावर थांबली, पुन्हा चढली, मागे झाडूवाला आपला सरळ चाललेला, आणि ऐन चढावर, तुटली. उडाली.

"आरारा!" आबा म्हणाले. "हिलाबी चरा! नव्या रेकॉर्डला?" आणि त्यांनी काटा उचलायला हात घातला.

मिंगेलने त्यांचं मनगट धरलं. आमच्या गावात त्या काळी कोणी कोणाच्या बापाचं मनगट असं धरत नसे. "नको, आबा," तो म्हणाला. "चरा नाही तो. तो मी."

आबांचा हात तसाच हवेत. तेवढ्यात गिटार खाली उतरली होती, बरोबर ठेक्यावर, अशी की फळीचा सांधा दिसू नये. उतरली आणि पुढे चालायला लागली, जसं काही झालंच नाही. मी तोंडावर हात ठेवला होता, कारण मला ओरडायचं होतं. गिटार अजून बरंच काय काय बोलली, मग धृपद आलं, मग खर्र.

आई म्हणाली, "पापड," आणि तरी तिथेच उभी राहिली. आबांनी झिजलेला काटा काढला. त्या घरात दिवसाला एकच काटा होता, हे मी वर सांगितलं आहे. आबांनी चाकू घेतला, नवा काटा निवडला, उजेडाकडे धरून टोक बघितलं, तिरका छाटला आणि कोणी न सांगता रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली. मग ते मिंगेलच्या शेजारी भुशात मांडी घालून बसले, आणि गिटार चढायला लागली तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.